सासऱ्यांचा आठ किलोचा स्नॅपर

मऊ प्लास्टिकचं आमिष गळात सरळ ओवणं ही काही फार मोठी विद्या नाही. पण माझ्या सासऱ्यांना ती पाच महिन्यांत आली नाही आणि मला ती त्यांना शिकवता आली नाही. आमिष म्हणजे बोटापेक्षा थोडा लांब, रबरासारखा लिबलिबीत खोटा मासा. गळाच्या डोक्याशी शिशाचा गोळा असतो. आधी गळ त्या माशाच्या बाजूला धरायचा, त्याचा वाक कुठे येतो ते नखाने खुणवायचं, मग नाकातून टोक आत घालायचं आणि बरोबर त्या खुणेवर पाठीतून बाहेर काढायचं. जरा इकडेतिकडे झालं की आमिष वाकडं बसतं, पाण्यात गिरक्या घेतं, दोरीला पीळ पडतो, आणि खरा मासा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. वाकडं बसलेलं आमिष दिसलं की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते हा आजार आहे. असेल.

माझं पोटही प्लास्टिकवरच चालतं. ईस्ट टामाकीतल्या एका कारखान्यात मी प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे डिझाइन करतो. चिंचवडला आमच्या घरी अंडंसुद्धा वेगळ्या पातेल्यात, गॅलरीतल्या स्टोव्हवर उकडलं जायचं. पुढे रत्नागिरीची बायको मिळाली आणि मी मासे खायला लागलो. पकडायला मात्र ऑकलंडमध्ये शिकलो, तेही कारखान्यातल्या एका फिटरकडून. तो इथलाच, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. आम्ही दोघांनी मिळून एक जुनी अ‍ॅल्युमिनियमची बोट घेतली होती आणि दर उन्हाळ्याच्या शेवटी माराएताई नावाच्या किनाऱ्याकडच्या एका लहानशा क्लबच्या मासेमारी स्पर्धेत उतरायचो.

स्पर्धा सोपी होती. बोटीवर दोघे हवेत. दोघांचे मिळून सगळ्यांत जड तीन स्नॅपर मासे मोजायचे. आमिष फक्त प्लास्टिकचं. जिंकणाऱ्या जोडीची नावं क्लबच्या हॉलमधल्या लाकडी फळीवर रंगवली जायची. त्या फळीवर एकही नाव असं नव्हतं की जे वाचताना इथल्या माणसाला अडखळायला होईल. मला तिथे माझं नाव हवं होतं. लोकांना मुलांच्या अ‍ॅडमिशनची किंवा घराची जेवढी तळमळ असते तेवढी मला त्या फळीची होती, आणि हे मी कुणाला सांगू शकत नव्हतो, कारण चाळिशी उलटलेल्या माणसाने अशी इच्छा बोलून दाखवली तर लोक हसतात. चार वर्षं आम्ही उतरलो. एकदा सहावे आलो. बाकीच्या वर्षी कितवे आलो ते विचारू नका.

पाचव्या वर्षी, म्हणजे दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात, सासरे आमच्याकडे होते. सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. रत्नागिरीच्या घरात ते एकटे, म्हणून बायकोने त्यांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. वीज मंडळात तीस वर्षं काढलेला, सत्तरी गाठलेला, काटक माणूस. लहानपणापासून जेटीवर बसून हातात दोरी धरून मासे पकडलेले. आमच्या हिल्सबरोच्या घरात त्यांना करायला काही नव्हतं. सकाळी डेअरीपर्यंत चालत जाऊन दूध आणायचं की दिवस संपला.

आमच्यात वितुष्ट काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. मी जावई, ते सासरे, आणि दोघेही त्या नात्यात इस्त्री केलेल्या कपड्यांसारखे वावरत होतो. मी लाउंजमध्ये आलो की ते खुर्चीवरून उठत. ते उठले म्हणून मला बसता येत नसे. मी बसत नाही म्हणून तेही बसत नसत. दोन प्रौढ पुरुष उभ्याने टीव्हीवरच्या बातम्या बघतायत हे दृश्य बघून माझी मुलगी एकदा आईला म्हणाली, "व्हाय डोंट दे जस्ट सिट?" मलाही तेच हवं होतं.

गॅरेजमध्ये मी आमिषं ओवत बसलो की ते शेजारी येऊन उभे राहायचे.

"जावईबापू, याला वास कुठेय?"

"याला वास लागत नाही बाबा. हालचाल बघून मासा येतो."

"मासा काय सिनेमा बघायला येतो?"

मी हसायचो. आतून चडफडायचो. मग ते एखादा गळ उचलायचे, आमिष त्यात कसंबसं घुसवायचे आणि माझ्यासमोर धरायचे. टोक पोटातून बाहेर, मान एका बाजूला. "जमलं की नाही?" ते विचारायचे. आणि मी, वाकडा स्क्रू दिसला तरी ज्याला चैन पडत नाही तो मी, म्हणायचो, "छान जमलंय." ते गेल्यावर काढून परत ओवायचो.

जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, त्यांनी मला मदत केली. मी कामावर असताना माझी सगळी आमिषं पाकिटांतून काढली, पाकिटं फेकून दिली, आणि ती रंगांप्रमाणे लावून एका मोठ्या खणांच्या डब्यात ठेवली. लाल लालमध्ये, हिरवी हिरव्यामध्ये. आपल्याकडे सुटं काही दिसलं की ते डब्यात भरल्याशिवाय हाताला चैन पडत नाही. मला दोन दिवसांनी कळलं. दोन वेगवेगळ्या जातीचं मऊ प्लास्टिक एकमेकांना चिकटून राहिलं की विरघळतं, आणि गॅरेजच्या उकाड्यात तर फारच पटकन. डब्यात चिकट लगदा झाला होता आणि डब्याचा तळही मऊ पडला होता. जन्मभर प्लास्टिक शिकलेल्या माणसाच्या घरात हे झालं. मी त्या लगद्यात बोट घालून बघत होतो तेवढ्यात ते दारात आले.

"बिघडली का हो?"

"काही हरकत नाही बाबा. जुनीच होती."

बहुतेक सगळी नवी होती. स्वयंपाकघरात बायको दबक्या आवाजात म्हणाली, "तू प्लीज त्यांना काही बोलू नकोस हं. ही वॉज ट्राइंग टू हेल्प." मी काही बोललोच नव्हतो. मी गेले तीन महिने काही बोललो नव्हतो.

स्पर्धेच्या आठवड्यात फिटरचा फोन आला. "सॉरी मेट, माय बॅक इज मुंटेड." इंजीन उचलताना त्याची पाठ धरली होती. दुसरा कुणी मिळेना. कारखान्यातले सगळे त्या शनिवारी कुठे ना कुठे अडकलेले. एकट्याला उतरता येत नव्हतं. मी टेबलाशी डोकं धरून बसलो होतो, तर बायको म्हणाली, "बाबांना ने ना. पुढच्या गुरुवारी त्यांची फ्लाइट आहे. पाच महिन्यांत तू त्यांना एकदाही समुद्रावर नेलं नाहीस."

ते खरं होतं. दर वेळी मी म्हणायचो, पुढच्या शनिवारी, आणि फिटरबरोबर निघून जायचो. नाही म्हणायला तोंड नव्हतं. सासरे तर तेव्हाच उठून आपली टोपी शोधायला लागले.

शुक्रवारी संध्याकाळी मी नियमांचा कागद घेऊन त्यांच्यासमोर बसलो. कागद इंग्रजीत होता, त्यांना इंग्रजी उत्तम वाचता येत होतं. कागद त्यांच्या हातात द्यायचा, एवढंच काम. पण तो हातात देणं मला परीक्षेच्या सूचना वाटल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "बाबा, उद्या सगळे प्लास्टिकच वापरतात."

"वापरू देत की."

"म्हणजे आपणही तसंच केलं तर बरं."

"तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले. तेवढ्यात जेवायची हाक आली. मी कागद घडी करून खिशात घातला. कोलंबी लावली, मासोळीचा तुकडा लावला, साधा कालवाचा लगदा लावला तरी मासा बाद होतो, हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. ज्याने पोरवयापासून समुद्रात दोरी टाकली त्याला मी काय नियम सांगणार, अशी माझी मी समजूत घातली.

शनिवारी उजाडता उजाडता आम्ही पाण्यात होतो. हवा छान, वारा बेताचा, बोट सावकाश वाहत होती. मी पुढच्या बाजूला, ते मागे. दहा मीटर पाणी. वाहत्या दिशेला आमिष फेकायचं, तळाकडे जाऊ द्यायचं, मधूनमधून काठीला झटका द्यायचा. मी ते सकाळी साडेसहापासून अकरापर्यंत केलं. दोन बरे मासे लागले, दोन्ही दीड-दोन किलोंचे, आणि बाकी सगळे टीचभर, मोजून परत सोडायचे. आजूबाजूच्या बोटींवर जाळी खाली जाताना दिसत होती. माझ्या जिवाचा संताप होत होता. त्यात मागून दर दहा मिनिटांनी काहीतरी. दोरी गुंतली. काठी उलटी धरली. आमिष वाकडं.

"द्या बाबा, मी ओवून देतो."

"राहू द्या. तुम्ही तुमचं बघा."

ते माझ्याकडे पाठ करून, मांडीवर डबा घेऊन बसले होते. मला वाटलं घावन खातायत. खाऊ देत, म्हटलं, तेवढाच वेळ दोरी गुंतायची नाही.

मग त्यांचं रीळ किंचाळायला लागलं. मी वळलो तर काठी अर्धी पाण्यात. त्यांना रिळाची सवय नव्हती, त्यांनी जेटीवरच्या सवयीने धावती दोरी बोटाने दाबली आणि बोट चिरलं. रक्त ओघळत होतं आणि ते फक्त मान हलवून मला जवळ येऊ नका म्हणून सांगत होते. पंधरा मिनिटं तरी लागली असतील. मासा वर आला तेव्हा मी जाळं लावलं आणि तो आत घेतला. एवढा स्नॅपर मी इतक्या वर्षांत माझ्या हाताने पकडला नव्हता.

"आमच्या रत्नागिरीच्या तांबोशीचाच भाऊ दिसतो," ते म्हणाले आणि खाली बसले. मला आनंद झाला होता. आणि हेही सांगून टाकतो, तो त्यांच्या दोरीला लागला, माझ्या नाही, म्हणून हेवाही वाटला होता.

क्लबवर वजनकाट्यापाशी बसलेल्या बाईंनी "किआ ओरा" असा माओरी नमस्कार करत मासा टांगला. आठ किलो आणि वर थोडं. माझे दोन धरून आमची बेरीज वजनांच्या फळ्यावर सगळ्यांत वर गेली. वजनाची वेळ संपायला थोडाच अवकाश होता आणि दुसऱ्या क्रमांकाची जोडी एका किलोने मागे होती. जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेले, उन्हाने रापलेले बाप्ये एकेक येऊन सासऱ्यांच्या न चिरलेल्या हाताशी हात मिळवत होते. "गुड ऑन या, मेट." ते लाजून हसत होते. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मी लाकडी फळीकडे बघितलं. पुढची जागा रिकामी होती.

आम्ही पावात सॉसेज घ्यायच्या रांगेत उभे होतो. ते माझ्या कानाशी आले.

"गुपित सांगू का? तुमच्या त्या रबरी माशाचं पोट ब्लेडने फाडलं. आत कोलंबी भरली. वरून दोरा गुंडाळला. भरल्या वांग्यासारखं. तुम्हाला प्लास्टिकच हवं होतं ना, म्हणून आत भरली. तुमचंही राहिलं, माझंही."

मी तिथेच उभा राहिलो. रांग पुढे सरकली, मागचा माणूस वळसा घालून गेला. कुणाला कळणार नव्हतं. ते आमिष माशाने ओढाताणीत कुठेतरी पाण्यात टाकलं होतं. माशाचं पोट कुणी उघडून बघणार नव्हतं. अर्ध्या तासात बक्षीस समारंभ होता. मी गप्प राहायचं ठरवलं. खरंच ठरवलं. हातात पाव धरून मी हॉलमध्ये दोन चकरा मारल्या, आणि दर वेळी त्या फळीसमोर आलो की मला तिथे माझं नाव दिसायचं आणि त्याच्या आत कोलंबी. सगळ्या जगावर चिडलो होतो. चार वर्षं घासून जे मिळालं नाही ते समोर आलं होतं आणि मला ते घेता येत नव्हतं.

मी बाईंच्या टेबलाशी गेलो. म्हटलं, "आमच्या मोठ्या माशाच्या आमिषात कोलंबी होती. माझी चूक. मी लावली होती." सासऱ्यांचं नाव घेणं मला शक्य नव्हतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, आभार मानले, आणि उठून फळ्यावरचा आमचा आकडा पुसला. दोन माशांची बेरीज लिहिली. आम्ही तळाशी गेलो.

"काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

सासरे माझ्या मागेच उभे होते. मी काही बोलायच्या आत ते पुढे झाले आणि सरकारी पत्रातल्यासारख्या इंग्रजीत, हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, द प्रॉन वॉज माइन. माय सन-इन-लॉ डिड नॉट नो. ही इज टेलिंग लाय."

बाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत "ऑल गुड, ऑल गुड" म्हणाल्या. मघाशी हात मिळवलेले लोक आपापल्या जँडल्सकडे बघायला लागले. ते सभ्य होते, आणि तेच मला सहन झालं नाही. आम्ही मासे उचलले आणि निघालो.

बोट मागे ओढत मी गाडी चालवत होतो. व्हिटफर्ड गाव मागे पडलं. त्यांनी चिरलेल्या बोटाला रुमाल गुंडाळला होता.

"नियम होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"लेखी?"

"हो."

"तुमच्या खिशात होता तो कागद?"

"हो बाबा."

"मग मला का सांगितलं नाहीत?"

"तुम्ही मोठे. तुम्हाला कसं सांगणार."

"जावईबापू, मी वीज मंडळात होतो. तारेत करंट आहे हे साहेब मोठा आहे म्हणून सांगितलं नाही, तर साहेब मरतो. सांगायचं असतं."

आणि मग माझा बांध फुटला. पाच महिन्यांचं सगळं बाहेर आलं. ती आमिषं जुनी नव्हती म्हटलं. नवी होती, सगळीच्या सगळी, आणि तुम्ही ती वितळवलीत. तुम्ही ओवलेलं एकही आमिष सरळ नव्हतं, मी रोज काढून परत ओवत होतो. तुम्ही खुर्चीवरून उठता त्याचा मला वैताग येतो. मासा सिनेमा बघायला येत नाही हे मला तुमच्याहून जास्त कळतं. चार वर्षं मी त्या फळीसाठी थांबलोय आणि तुमच्या एका कोलंबीने माझं हसं झालं. एवढं मोठ्याने मी बायकोशीही कधी बोललो नव्हतो. बोलता बोलता गाडी लेन सोडत होती ते मला ट्रेलरच्या आवाजावरून कळलं, आणि मी स्टिअरिंग सरळ केलं.

ते समोर रस्त्याकडे बघत सगळं ऐकत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याची तक्रार नोंदवून घ्यावी तसं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"हे सगळं बरोबर," ते म्हणाले. "डब्याचं माझं चुकलं. पण मी विचारलं ते वेगळं. काल संध्याकाळी कागद हातात होता तुमच्या. का दिला नाहीत?"

परत म्हणणार होतो, तुम्ही मोठे. पण आता तेवढं ओरडून झाल्यावर ते तोंडातून निघेना. आदर वगैरे काही नव्हतं. मी सिग्नलला थांबलो होतो आणि उत्तर मला स्वच्छ दिसत होतं.

"तुमच्या गळाला मासा लागेल असं मला वाटलंच नव्हतं," मी म्हणालो. "बोटीवर दुसरा माणूस लागतो, म्हणून तुम्हाला नेलं."

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. त्यांनी बोटावरचा रुमाल सोडला आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा गुंडाळला.

"ते मला कालच कळलं होतं," ते म्हणाले. "म्हणून तर कोलंबी घेतली."